आधी पाणी रिकामं करा

आरओ दुरुस्तीला आलेला माणूस खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढतो, नळाच्या पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, मग मशीनच्या पाण्यात बुडवून दुसरा आकडा दाखवतो. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरपासून समोरच्या नव्या मनोऱ्यांपर्यंत हे दृश्य सगळीकडे सारखं आहे. दिल्लीकराला टीडीएस हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घरात समुद्री माशांचा टँक ठेवायची इच्छा असेल, तर सुरुवात या आकड्यापासून करावी असं मला आग्रहाने सांगायचं आहे. नवा हौशी माणूस पहिले पंधरा दिवस कुठलं मीठ घ्यावं याच चिंतेत घालवतो. मीठ महागातलं घेतो, आणि ते विरघळवायला नळाचं किंवा स्वयंपाकघरातल्या मशीनचं पाणी वापरतो. पुढे काचेवर तपकिरी थर चढतो, मासे वर येऊन धापा टाकतात, आणि दोष मिठाला किंवा दुकानदाराला दिला जातो. समुद्री पाण्याचं निम्म्याहून जास्त काम मिठाची पिशवी उघडण्याआधी होतं. ते काम म्हणजे पाण्यात आधीपासून जे विरघळलेलं आहे ते सगळं काढून टाकणं, पाणी रिकामं करणं. दिल्लीसारख्या, समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत असलेल्या शहरात तर हे काम टाळताच येत नाही.

याचं कारण समुद्राच्या पाण्याच्या घडणीत आहे. समुद्र म्हणजे खारट पाणी, ही आपली समज स्वयंपाकघरातून आलेली आहे. भांडुप, वडाळा, उरण, किंवा १९३० च्या सत्याग्रहामुळे ठाऊक झालेलं शिरोडं, इथल्या मिठागरांत काय घडतं ते पाहिलं की ही समज कुठे चुकते ते कळतं. वाफ्यात घेतलेलं समुद्राचं पाणी उन्हाने आटू लागतं तेव्हा सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम बसतं. दहाव्या हिश्शावर आलं की मग मीठ धरू लागतं. ते ओढून घेतल्यावर वाफ्यात जे कडवट पाणी उरतं, त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड राहून जातात. म्हणजे आपल्या डब्यातलं मीठ हा समुद्रातून बाकीचं जवळपास सगळं वगळून उरलेला एकच भाग आहे. खडेमीठ घ्या, सैंधव घ्या, आयोडीनवालं घ्या, ते पाण्यात टाकून समुद्र परत येत नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८६ टक्के, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. मॅग्नेशियम लिटरमागे तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम चारशेच्या थोडं वर. मासा, शेवंड, शंख, सगळ्यांची शरीरं या मिश्रणाशी जुळलेली आहेत.

हे प्रमाण जगभर सारखं आहे, ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक नाही. चॅलेंजर या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले: पाणी कुठे जास्त खारं, कुठे कमी, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ बदलत नाही. त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, लंडनमध्ये फिलिप हेन्री गॉस याने चार क्षारांपासून कृत्रिम समुद्री पाणी करण्याची कृती दिली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आदल्याच वर्षी मत्स्यालय उघडलं होतं आणि शहराला समुद्र जवळ नव्हता. आज आपण पिशवीतून जे सिंथेटिक मीठ घेतो ते या दोन कामांचं फळ आहे. ते बनवणाऱ्याने प्रमाण आधीच जुळवून ठेवलेलं असतं, पण एका अटीवर: ज्या पाण्यात ते विरघळेल त्यात स्वतःचं काही नसावं. पाणी आपल्या पदरचं कॅल्शियम, नायट्रेट, सिलिका घेऊन आलं, तर पिशवीतल्या तोलाला काही अर्थ राहत नाही.

आता दिल्लीच्या नळात काय असतं ते पाहू. या शहराचं पाणी एका जागचं नाही. यमुनेचं आहे, वरच्या गंगा कालव्यातून आलेलं आहे, मुनक कालव्यातून हरियाणामार्गे आलेलं आहे, आणि बऱ्याच भागांत त्यात बोअरचंही पाणी मिसळतं. आज नळाला जे येतं तेच चार महिन्यांनी येईल याची खात्री नाही. दर हिवाळ्याच्या आसपास वजीराबादपाशी यमुनेत अमोनिया वाढल्याच्या आणि जलबोर्डाला पाण्याचं उत्पादन कमी करावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. समुद्री टँक ठेवणाऱ्याने त्या बातमीचा पुढचा भाग ओळखला पाहिजे. अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन घातलं की क्लोरामाइन तयार होतं. साधं क्लोरीन बादलीत रात्रभर पाणी उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. आपल्या आजीच्या काळापासून गोड्या पाण्यातल्या माशांसाठी लोक हेच करत आले, आणि ते चालत आलं. क्लोरामाइन असं रात्रीत उडत नाही.

दुकानात मिळणारे क्लोरीनमारक थेंब घातले तर काय बिघडतं, हा पहिला आक्षेप. सोडियम थायोसल्फेटचे साधे थेंब क्लोरामाइन तोडतात खरे, पण तोडल्यावर अमोनिया मोकळा होतो आणि पाण्यातच राहतो. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये पीएच ७ च्या आसपास असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि तिथे हाच वाटा सात-आठ टक्क्यांवर जातो. तेच पाणी, तेवढाच अमोनिया, आणि माशाच्या कल्ल्यांवर दहापटीहून जास्त मार. गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं चाललेली सवय खाऱ्या पाण्यात अंगलट येते ती अशी.

दुसरा आक्षेप अधिक विचारपूर्वक केलेला असतो. दिल्लीच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, समुद्रातही असतं, मग ते काढून पुन्हा घालायचं कशासाठी? एकदाच भरायचं आणि कधी हात लावायचा नाही असं असतं, तर या म्हणण्यात थोडं तथ्य होतं. पण टँकमधलं पाणी रोज उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात. मे महिन्यात, लू चालू असताना आणि टँकवर छोटा पंखा लावलेला असताना, १०० लिटरच्या टँकमधून दिवसाला तीन लिटर पाणी उडालं असं धरू. ती तूट ३०० टीडीएसच्या, म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या, नळाच्या पाण्याने भरली, तर दिवसाला ९०० मिलिग्रॅम आणि महिन्याला २७ ग्रॅम क्षार टँकमध्ये जमा होतात. त्यांतला एकही समुद्राच्या प्रमाणाला धरून आलेला नसतो. त्यात नायट्रेट असतं, सिलिका असते, फॉस्फेट असू शकतं, आणि जुन्या पितळी तोट्यांमधून उतरलेला तांब्याचा अंश असू शकतो. कोळंबी, शंख, समुद्रफुलं यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाच्या तब्येतीसाठी ती मर्यादा योग्यच आहे. माणूस मात्र प्यायलेलं पाणी शरीरातून बाहेर टाकतो, टँक टाकू शकत नाही. त्याच्यात जे गेलं ते साठत राहतं.

म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘आमच्याकडे आरओ आहेच’ या वाक्यावर बहुतेकजण निश्चिंत होतात. पिण्याच्या आरओमध्ये पडदा असतो, आणि तो बहुतांश क्षार अडवतो. पण पुढे चव यावी म्हणून बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, जो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, किंवा मिनरलची कांडी असते, जी स्वतःचे क्षार सोडते. म्हणून नळाला ४०० आणि मशीनला ८० असा आकडा दिसला की आरओवाला समाधानाने मान हलवतो. पिण्यासाठी ते ठीक आहे. समुद्रासाठी आकडा शून्य हवा. दोन वाटा आहेत. पैसे असतील तर टँकसाठी वेगळा आरओ-डीआय संच घ्यावा: गाळाचा फिल्टर, कार्बन, पडदा आणि शेवटी डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, नळी. नसेल तर आरओवाल्याला सांगून पडद्यातून बाहेर पडणाऱ्या शुद्ध पाण्याच्या नळीला, कंट्रोलर आणि मिनरलच्या कांडीच्या आधी, एक फाटा काढून घ्यावा आणि त्या फाट्यावर डीआयची नळी बसवावी. हे अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त त्याला कशासाठी हवं ते समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीने चव सुधारून देतो. या साखळीत प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कार्बन क्लोरीन घेतो आणि क्लोरामाइन तोडतो. तो संपला की क्लोरीन पुढे जाऊन पडदा खातं. तुटलेल्या क्लोरामाइनमधला अमोनिया पडद्यातून काही प्रमाणात निसटतो, आणि त्याला शेवटी रेझिन पकडतं. म्हणून पडद्यानंतर आकडा १० दिसत असला तरी डीआय वगळू नये. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर कुठवर वापरलं गेलं ते डोळ्यांना दिसतं. मीटरवर शून्य जाऊन २-३ दिसू लागलं की रेझिन बदलायची वेळ झाली.

यावर घरात हमखास दोन पर्याय सुचवले जातात. एक एसीचं पाणी. उन्हाळ्यात बाल्कनीत एसीच्या पाइपखाली बादली भरते आणि तिचा टीडीएसही फार कमी असतो. पण ते पाणी तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून, वर्षभराच्या धुळीवरून आणि बुरशीवरून ओघळून आलेलं असतं. झाडांना, पुसायला ते उत्तम. टँकला अजिबात नको. दुसरा पर्याय इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी. कॅनवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिलेलं असतं. मीटरने शून्य दाखवलं आणि कॅन नवा असेल तर अडीअडचणीला ते चालून जाईल. पण दर आठवड्याच्या गरजेला ते परवडणारं नाही, आणि प्रत्येक कॅन तपासूनच घ्यावा लागेल. वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे जार म्हणजे पुन्हा चव आणलेलं आरओचं पाणी. त्यांचा इथे उपयोग नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप पाण्याच्या नासाडीचा आहे, आणि तो झटकून टाकू नये. उन्हाळ्यात दिल्लीच्या कितीतरी वस्त्यांत टँकरमागे रांगा लागतात, आणि इथे हौसेसाठी आरओ लिटरमागे तीन लिटर पाणी गटारात सोडतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणावी असे निर्देश केंद्र सरकारला दिले, त्यामागे हीच काळजी होती. तेव्हा हिशेब मांडूनच बघू. १०० लिटरच्या टँकला आठवड्याला १० लिटर बदललं आणि भर उन्हाळ्यात रोज तीन लिटर भर घातली, तर शुद्ध पाणी ३१ लिटर लागतं आणि टाकाऊ ९३ लिटर निघतं. एकूण १२४ लिटर, आठवड्याला. शहरातल्या एका माणसाला एका दिवसासाठी १३५ लिटर हे सरकारी नियोजनाचं प्रमाण आहे. टँकला आठवड्यात लागणारं पाणी त्याहून कमी आहे, आणि टाकाऊ ९३ लिटर तरी वाया का जावेत? ते बादल्यांत धरून लादी पुसायला, संडासात ओतायला, गाडी धुवायला पूर्ण उपयोगी पडतं. कूलरमध्ये मात्र घालू नका, जाळ्यांवर पांढरा थर लवकर धरतो. टँकवर झाकण ठेवलं तर उडणारं पाणीही कमी होतं. ज्या घरात टाकाऊ पाणी धरून ठेवायला जागा किंवा सवड नाही, त्यांनी मोठा समुद्री टँक ठेवू नये असं मी स्पष्ट म्हणेन. त्यांच्यासाठी ४०-५० लिटरचा टँकच योग्य.

मुंबईहून खरं समुद्राचं पाणीच का आणू नये, असंही विचारलं जातं, विशेषतः ज्यांचं माहेर किंवा सासर कोकणात आहे त्यांच्याकडून. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. सरोजिनी नगर मुंबईपासून जवळजवळ चौदाशे किलोमीटरवर आहे. १०० लिटर समुद्राचं पाणी म्हणजे शंभराहून जास्त किलो वजन, आणि त्यात क्षार साडेतीन किलोंच्या आसपास. उरलेलं सगळं पाणीच, जे दिल्लीत आहे. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं, पावसाळ्यात नद्यांमुळे खारेपणा उतरतो, आणि बंद कॅनच्या अंधारात त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजू लागतात. साडेतीन-चार किलोंची पिशवी डाकेने येते आणि महिनोन्महिने टिकते.

मिठाच्या निवडीविषयी फार लिहायची गरज नाही, कारण पाणी रिकामं असेल तर निवड सोपी होते. बाजारात दोन प्रकार मिळतात: साधं समुद्री मीठ, आणि ‘रीफ’ किंवा ‘कोरल’ लिहिलेलं, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पीएच सांभाळून धरण्याची क्षमता) वाढवलेलं महाग मीठ. दुसरं वाढत्या प्रवाळांसाठी असतं. आपल्या देशात प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते घरात ठेवण्याचा विचारही करू नये, दुकानदार काहीही सांगो. फक्त मासे असलेल्या टँकला साधं मीठ पुरतं. मासेसुद्धा रीफवरून पकडलेल्यांऐवजी हॅचरीत वाढलेले घ्यावेत. ऐरोलीला महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी आहे आणि तिथे क्लाउनफिश वाढवले जातात. टँकमध्येच जन्मलेला मासा टँकच्या पाण्याला आणि खाद्याला सरावलेला असतो, आणि त्याच्यासाठी कुणी प्रवाळ फोडलेला नसतो.

आता प्रत्यक्ष मिसळणं. यासाठी नवी, खाद्यपदार्थांसाठी चालणारी प्लास्टिकची बादली किंवा पिंप घ्या आणि त्याला साबण कधी लावू नका. न्हाणीघरातली बादली कितीही धुतली तरी चालणार नाही. २० लिटर शून्य टीडीएसचं पाणी त्यात घ्या, छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा बुडता पंप) तळाशी ठेवून चालू करा, पाण्याला गोल फेर आला पाहिजे. मीठ सिंथेटिक असेल तर ३५ च्या खारेपणासाठी लिटरमागे साधारण ३६ ते ३९ ग्रॅम लागतं. पिशवीवरचा आकडा बघा, आणि २० लिटरला आधी ७०० ग्रॅम तोलून घ्या. पिशवी उघडण्याआधी ती चारही बाजूंनी हलवून घ्या, कारण प्रवासात बारीक कण तळाला बसलेले असतात आणि वरचं व खालचं मीठ एकसारखं राहत नाही. मग एकेक वाटी, फेराच्या पाण्यावर शिंपडत घाला. प्रत्येक वाटीला पाणी क्षणभर दुधासारखं होतं, आतून वाकडेतिकडे धागे फिरताना दिसतात, काही मिनिटांत ते निवळू लागतं. निवळायला लागल्याशिवाय पुढची वाटी घालू नका. क्रम उलटा करू नका, म्हणजे बादलीत मीठ ठेवून वरून पाणी ओतू नका. सुरुवातीच्या थोड्या पाण्यात क्षार इतके दाट होतात की कॅल्शियम कार्बोनेट बनून खाली बसतं. बादलीच्या आतल्या बाजूला हाताला खरखरीत लागणारा पांढरा थर दिसला तर तेच झालं असं समजा. ते पुन्हा विरघळत नाही, आणि तेवढं कॅल्शियम आणि तेवढी अल्कलिनिटी पाण्यातून गेली.

सगळं मीठ घातल्यावर रात्रभर पॉवरहेड चालू ठेवावा आणि वर सैलसं झाकण ठेवावं. दिल्लीच्या धुळीसाठी ते लागतंच. पाणी दोन तासांत स्वच्छ दिसू लागतं, म्हणून अनेकजण तेव्हाच टँकमध्ये ओततात. पण वायूंचा समतोल यायला आणि पीएच स्थिरावायला वेळ लागतो, आणि ताजं पाणी कल्ल्यांना झोंबतं. याच्या उलट, चार-चार दिवस ढवळत ठेवणंही बरं नाही, विशेषतः अल्कलिनिटी वाढवलेल्या मिठाचं, कारण त्यातूनही हळूहळू गाळ बसतो. पिशवीवर निर्मात्याने वेळ दिली असेल तर ती पाळावी. टँकमध्येच मीठ घालून ढवळायची मुभा फक्त पहिल्यांदा, टँकमध्ये एकही जीव नसताना. त्यानंतर कधीच नाही.

सकाळी मोजा. तोललेल्या मिठावर विसंबू नका, कारण पावसाळ्यात पिशवीतल्या मिठाने ओल धरलेली असते आणि वजनात पाणीही येतं. काट्याचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण त्याच्या काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, आणि त्यातली एक खोच ठाऊक असावी: स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्री पाणी त्यात दीड एककाने जास्त खारं दिसतं. शुद्ध पाण्याने शून्यावर लावला तरी ३५ पाशी तो चुकतो. म्हणून ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तो लावावा. द्रावण मिळालं नाही तर इथे मात्र स्वयंपाकघरातलं साधं, बिनआयोडीनचं मीठ कामाला येतं: ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, मिळून बरोबर एक किलो. या द्रावणातून प्रकाश ३५ च्या समुद्री पाण्याइतकाच वळतो. त्याचा थेंब काचेवर ठेवून स्क्रू फिरवून रेष ३५ वर आणा, मग आपलं पाणी मोजा. खारेपणा कमी आला तर थोडं मीठ, जास्त आला तर थोडं शुद्ध पाणी. कमीपासून वर जाणं नेहमी सोपं. २५ अंशांना ३५ चा खारेपणा म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. फक्त माशांच्या टँकला १.०२४ सुद्धा चालतं, पण एकदा ठरवलेला आकडा दर आठवड्याला बदलू देऊ नका.

दिल्लीचे ऋतू टोकाचे आहेत, आणि त्याचा फटका बादलीला बसतो. जानेवारीत खोलीतली बादली बारा-चौदा अंशांवर असते, टँक पंचवीसवर. तसंच ओतलं तर माशाला तो धक्का सहन होत नाही. बादलीत छोटा हीटर पूर्ण बुडवून आधी उबदार करा, आणि बाहेर काढण्याआधी बंद करून दहा मिनिटं थांबा. थंड पाण्यामुळे आरओचा उताराही कमी होतो, म्हणून हिवाळ्यात साठा दोन दिवस आधी सुरू करावा. जूनमध्ये उलटं: दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला पोळतं, आणि चाळीसच्या वरचं पाणी पडद्याला मानवत नाही. आरओ पहाटे चालवा. नोव्हेंबरमध्ये धुरामुळे खिडक्या बंद होतात आणि एका खोलीत चार माणसांचा श्वास साठतो. तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि व्यवस्थित केलेल्या पाण्याचा पीएचही ७.८ दिसू लागतो. घाबरून पीएच वाढवणारी पूड घालू नका. पेलाभर पाणी बाल्कनीत नेऊन एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा. पीएच वर चढला तर दोष खोलीच्या हवेचा आहे, पाण्याचा नाही. दुपारी हवा जरा बरी असताना खिडकी थोडा वेळ उघडावी, बाकी काही करू नये.

तयार पाणी दोन डब्यांत ठेवावं: एकात खारं, बदलण्यासाठी, दुसऱ्यात निव्वळ आरओ-डीआयचं, उडालेल्या पाण्याची भर घालण्यासाठी. रोजची भर नेहमी दुसऱ्यातूनच, कारण क्षार टँकमध्ये आहेतच. काचेला बाहेरून चिकटपट्टी लावून पाण्याची मूळ पातळी आखून ठेवा, म्हणजे घरातलं कुणीही तिथवर भरू शकेल. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना टँक शेजाऱ्यांवर सोपवला जातो, आणि सरोजिनी नगरमध्ये शेजारी बहुधा हिंदी बोलणारे असतात. खाऱ्या डब्यावर मराठी सवयीने ‘मीठ’ किंवा ‘मिठाचं पाणी’ लिहिलेलं असतं. हिंदी वाचणारा ते ‘मीठा’ असं वाचेल, म्हणजे गोडं पाणी, आणि पंधरा दिवस रोज तोच डबा टँकमध्ये रिता करेल. डब्यांवर ‘खारा’ आणि ‘आरओ’ असे दोनच शब्द लिहा, दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ एकच आहे. आणि गावी जाताना खारा डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.